नानांचे कावळ्यांशी वैर

नाना वेंगुर्लेकर कुणाकडेही वेळ मागतात तो बारा सेकंद. “आठल्ये, बारा सेकंद द्या,” असे म्हणत ते दारात उभे राहिले, की मी हातातला चहा आधी संपवून टाकतो. नंतर तो पिण्यासारखा राहत नाही. इंजिनाच्या बळावर माणूस पहिल्यांदा हवेत उडाला तो बारा सेकंद. तेवढ्या वेळात साऱ्या मनुष्यजातीचे नशीब बदलले, तर घाटकोपरच्या गगनदीप सोसायटीतल्या सभासदांना तेवढा वेळ जड का व्हावा, असा नानांचा सवाल असतो. हा सवाल नीट मांडायलाच त्यांना पाऊण तास लागतो.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो आणि एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. हळू बोलणे हा माझ्या नोकरीचाच भाग असल्यामुळे लोक मला सौम्य समजतात, आणि छप्पन्न वर्षांच्या आयुष्यातली बरीचशी वर्षे मीही स्वतःला तसाच समजत आलो. नानांच्या बाबतीत माझ्या तोंडून जे गेले, त्यानंतर तो समज उरला नाही. ते ओघाने येईलच. आधी नाना.

आमच्या इमारतीचे नाव गगनदीप असले तरी ती चारच मजल्यांची आहे. विमाने उतरण्याच्या वाटेखाली आम्ही येतो, त्यामुळे याहून उंच बांधायला परवानगी मिळत नाही. आजूबाजूच्या सोसायट्या यावर हळहळतात. आमच्या वार्षिक सभेत हा विषय निघाला की नाना उठून उभे राहतात. “लोक पाणपोया घालतात, धर्मशाळा बांधतात. आपण विमानांसाठी आकाश सोडलंय. याहून मोठं पुण्य आणखी कुठलं?”

“पुण्य ठीक आहे हो नाना,” मागून कुणीतरी म्हणते, “पण लिफ्टचं काय?”

“बारा सेकंद द्या,” नाना म्हणतात, आणि सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते.

नानांनी सारी नोकरी विमानतळावर केली. ते वैमानिक नव्हते, यंत्रांच्या विभागातही नव्हते. धावपट्टीवरचे पक्षी हाकलणे हे त्यांचे काम. पहाटेपासून उघड्या जीपमधून फिरायचे, फटाके वाजवायचे, हातातल्या बंदुकीने नुसता आवाज काढायचा आणि मैदानात उतरू पाहणाऱ्या प्रत्येक पंखवाल्याला परत पाठवायचे. एखादा पक्षी इंजिनात शिरला तर काय होते, हे ते इतके तपशीलवार सांगतात, की आमच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने गोव्याची सहल रेल्वेने केली.

“ज्यांना जन्मतःच उडता येतं, त्यांना मी तेहतीस वर्षं खाली टेकू दिलं नाही,” ते म्हणतात. “कशासाठी? तर ज्यांना उडता येत नाही त्यांना वर जाता यावं म्हणून. विचार करा, आठल्ये. पेटंट त्यांचं, आणि हाकलायचं त्यांनाच.”

पक्ष्यांविषयी त्यांची मते ठाम आहेत. बगळा सज्जन, एकदा सांगितले की जातो. टिटवी कांगावखोर, स्वतःच धावपट्टीच्या कडेला अंडी घालते आणि वर नानांच्याच नावाने ओरडते. घार म्हणजे साहेब. तिला हाकलायचे नसते, विनंती करायची असते. “आणि कावळा?” मी एकदा विचारले होते.

“कावळा लक्षात ठेवतो,” नाना म्हणाले. “जीप बदला, शर्ट बदला. तोंड ओळखतो तो.”

विमानविद्येचा इतिहास ते नात्यागोत्यातल्या माणसांबद्दल बोलावे तसा सांगतात. थोरांची नावे घेऊ नयेत असा त्यांच्या घरचा शिरस्ता असल्यामुळे फुगा उडवणारे दोघे भाऊ हे ‘कागदवाले’ आणि विमान उडवणारे दोघे भाऊ हे ‘सायकलवाले’. स्वतः शिवलेला कोट घालून उंच मनोऱ्यावरून उडी मारणारा तो ‘आमचा शिंपी’. शिंप्याचा विषय आला की नाना डोळे मिटतात. “शिलाई उत्तम होती हो. कोट उघडला नाही, एवढंच.”

कागदवाल्यांनी पहिल्या फुग्यातून माणूस न पाठवता एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा पाठवला, ही त्यांची लाडकी कथा आहे.

“पण नाना, बदकाला कशाला? त्याला उडता येतंच की,” मी म्हटले.

“तीच तर हुशारी! बदकाला काही झालं तर दोष फुग्याचा. बदक ठणठणीत आणि मेंढीला काही झालं, तर दोष उंचीचा.”

“आणि कोंबडा?”

नाना जरा घुटमळले. “कोंबडा पंच म्हणून.”

या सगळ्या गोतावळ्यात त्यांचा खरा जीव आहे तो एका जुन्या काळच्या साधूवर. हातापायांना पंख बांधून त्याने मठाच्या शिखरावरून उडी घेतली, बराच लांब तरंगत गेला आणि पडून दोन्ही पाय मोडून घेतले. पुढे आयुष्यभर लंगडत असताना तो म्हणे एकच सांगायचा, की बाकी सारे बरोबर होते, मी फक्त शेपूट लावायला विसरलो. नानांनी हे वाक्य उचलून संसारात आणले. सोसायटीत कॅमेरे बसवले आणि त्यांच्याकडे पाहायला कुणाला नेमले नाही, तेव्हा नानांनी नोटीस बोर्डावर खडूने लिहिले : शेपूट विसरलात. माझ्या ग्रंथालयातून मी त्यांना जी पुस्तके आणून देई, त्यांच्या समासांतही पेन्सिलीने हाच शेरा येऊ लागला, आणि मी रविवारी खोडरबर घेऊन बसू लागलो. आमटीत कोकम कमी पडले तरी ते ताट बाजूला सारून म्हणत, “हिला शेपूट नाही.”

त्यावर नानींनी स्वयंपाकघरातून दिलेले उत्तर मी स्वतः ऐकले आहे. “नाय तर नाय. आसा तशीच जेवा नि उडा.”

नानींनी नानांना उलट दिलेले उत्तर मी ऐकले ते एवढेच. एरवी त्या घरात दुसऱ्या कुणाला बोलायला जागाच नव्हती. लहानशा चणीच्या, सदा पदर खोचलेल्या नानी पाहुण्याला दुसरा चहा आणून देत. पाहुणा फार केविलवाणा दिसू लागला, की आतून हाक देत, “अवो, गॅसवर दूध आसा, वाईच बघा मरे.” नाना उठून आत जात आणि पाहुणा सुटे. गॅसवर दूध कधीच नसे. मला त्यांनी असे किती वेळा सोडवले याची गणती नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचे आभार एकदाही मानले नाहीत.

गेल्या वर्षीच्या माघात नानी गेल्या. आठ दिवसांचे आजारपण, त्यातले शेवटचे पाच इस्पितळात. मूलबाळ नव्हते, तेव्हा सगळे नानांनीच केले. दहाव्याला आम्ही भांडुपच्या एका तळ्याकाठी जमलो : नाना, गुरुजी, मानखुर्दहून आलेली नानींची धाकटी बहीण, आणि मी. पिंड मांडले आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो. समोरच्या पिंपळावर कावळे भरपूर होते. ते पाहत होते, आपसांत बोलत होते, पण खाली एकही येईना.

कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काही इच्छा मागे राहिली, असे आपल्याकडे मानतात, आणि मग ती काय असावी याचे अंदाज मोठ्याने सांगायचे असतात. नानींच्या बहिणीने सुरुवात केली. “बाय गो, तुझ्या तुळशीक रोज पाणी घालीन!” कावळे स्तब्ध. “तुझी पैठणी कोणाक देवचंय नाय, अगदी भाचीक पण नाय!” एक कावळा मान वाकडी करून बघू लागला, आमच्या आशा वाढल्या, तो उडून पलीकडच्या फांदीवर बसला. गुरुजी म्हणाले, “यजमान, तुम्ही काही सांगा. तुम्हाला ठाऊक असेल.” नाना काही बोलले नाहीत. मला वाटले, त्यांना आठवत नसावे. तासाचे दोन तास झाले. ऊन चढले.

आणि तेव्हा मी, ज्याला सारे सौम्य समजतात असा मी, त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो, “नाना, आयुष्यभर हाकललंत यांना. आता बोलावल्यावर कसे येतील?”

वातावरण हलके करावे, असा हेतू होता, असे मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगितले. ते खरे नाही. मला भूक लागली होती, डोके उन्हाने दुखत होते, आणि वाक्य चांगले सुचले होते. चांगले सुचलेले वाक्य गिळता येणे ही खरी सौम्यता. ती माझ्यापाशी नव्हती. नानांनी माझ्याकडे पाहिले. एकदा पिंपळाकडे पाहिले. मग मान हलवली, जणू एखाद्या गणिताचे उत्तर जुळले असावे. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

पंधरा दिवसांनी नाना दारात आले. “आठल्ये, बारा सेकंद. तुम्ही म्हणालात ते शंभर टक्के खरं आहे.”

“काय म्हणालो मी?”

“कावळे मला ओळखतात. वैर धरून आहेत. मी पडताळा घेतोय.”

त्यांच्या हातात एक लांबट वही होती. सायकलवाल्यांची पद्धत त्यांनी उचलली होती : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होते ते लिहून ठेवायचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी गच्चीवर भाताची मूद ठेवली आणि शेजारी स्वतः उभे राहिले. निकाल : शून्य. दुसऱ्या आठवड्यात तोच भात, तीच जागा, तोंडाला मास्क. शून्य. तिसऱ्या आठवड्यात मास्क काढून कानटोपी. मग कानटोपी काढून माझा शर्ट. तो त्यांनी रीतसर मागून नेला. “तुमच्या अंगाला कावळ्यांच्या दृष्टीने काही इतिहास नाही,” ते म्हणाले. हे मी कौतुक म्हणून घ्यावे की नाही, ते मला अजून ठरवता आलेले नाही. प्रत्येक निकालापुढे लाल शाईत शून्य होते, आणि दर रविवारी ते शून्य मला आणून दाखवले जाई. त्या प्रत्येक शून्यात मला माझेच वाक्य ऐकू येई.

यंदाच्या माघात नानींचे वर्षश्राद्ध आले. गुरुजी गच्चीवर पोचले तेव्हा पाटावर स्कूटरचे हेल्मेट घातलेली आणि माझ्या बायकोचा जांभळा रेनकोट पांघरलेली एक आकृती बसली होती.

“यजमान कुठे आहेत?” गुरुजींनी मला विचारले.

“मीच यजमान,” हेल्मेटच्या आतून आवाज आला.

“नाना, हेल्मेट घालून संकल्प होत नाही.”

“कुठल्या पोथीत लिहिलंय?”

“अहो, आचमन कसं करणार?”

नानांनी हेल्मेटची काच वर केली, पळीभर पाणी आत घेतले आणि काच खाली केली. “झालं. पुढचं म्हणा.”

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. विधी पार पडला, कावळ्यांसाठीची वाडी कठड्यावर ठेवली, आणि त्या जांभळ्या आकृतीला पाहून कावळेच काय, पलीकडच्या इमारतीवरची कबुतरेसुद्धा उडून गेली. नानांनी हेल्मेट काढले. घामाने भिजलेल्या त्या चेहऱ्यावर मला एक प्रकारचे समाधान दिसले. “बघितलंत? हेल्मेटमधूनसुद्धा ओळखलं!”

त्या रात्री मी सुलभाला, म्हणजे माझ्या बायकोला, दहाव्याच्या दिवशी मी काय बोललो होतो ते सांगितले. ती म्हणाली, “तुम्ही हळू बोलता ना, त्यामुळे लागतं ते खोल लागतं.” मग कूस बदलून म्हणाली, “मग आता निस्तरा की.”

निस्तरायचे कसे, याचा मी ग्रंथपालाला शोभेल असा विचार केला. कावळा तोंड ओळखतो हे गृहीत धरले, तर तो उपकारही ओळखेल. नाना तर कावळ्यांना चालत नव्हते. तेव्हा मीच नाना व्हायचे ठरवले. त्यांची नोकरीतली खाकी टोपी महाविद्यालयातल्या एका प्रदर्शनासाठी हवी, अशी थाप मारून मी मागून आणली. आयुष्यात इतक्या सहज मी थाप मारू शकतो, हेही मला त्या दिवशी कळले. नाना रोज सकाळी साडेसहा ते साडेसात फिरायला जातात. तेवढ्या तासात ती टोपी डोळ्यांवर ओढून, त्यांच्यासारखे हात पाठीमागे बांधून, किंचित फेंगडे चालत मी गच्चीवर जाऊ लागलो.

भात कुणी खाईना. पोळीही नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातला गाठिया नेला, आणि घाटकोपरचा कावळा कशावर वाढला आहे याचा उलगडा झाला. पहिल्या आठवड्यात दोघे आले, महिन्याभरात अकरा. मी स्टीलच्या डब्यावर झाकण वाजवले की ते टाकीवर येऊन बसत. त्यांतला एक, ज्याच्या उजव्या पायाचे बोट तुटलेले होते, माझ्या हाताएवढ्या अंतरावर येई.

“मला तळलेलं बंद, आणि कावळ्यांना पावशेर गाठिया,” सुलभा म्हणे. “कावळ्याच्या जन्माला आले असते तर बरं झालं असतं.” शेजारच्या इमारतीतून एका बाईंनी तिला विचारले, “तुमचे मिस्टर बरे आहेत ना? सकाळी गच्चीवर लंगडत चालतात, टोपी घालून.” सुलभाने सांगितले, “व्यायाम आहे. डॉक्टरांनी सांगितलाय.”

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचे श्राद्ध पितृपक्षातल्या अविधवा नवमीला करतात. त्या दिवसासाठी मी पाच महिने तयारी केली. आदल्या संध्याकाळी टोपी परत केली आणि म्हटले, “नाना, उद्या एक विनंती आहे. हेल्मेट नको, रेनकोट नको. ही टोपी घालून, उघड्या तोंडाने उभे राहा.”

“ही? हीच टोपी तर ते ओळखतात! वेडे की काय तुम्ही?”

“एकच गोष्ट बदलून बघायची पद्धत आहे ना? हे एक राहिलंय.”

पद्धतीपुढे नानांचे काही चालले नाही.

नवमीला दुपारी बाराच्या सुमारास आम्ही दोघेच गच्चीवर होतो. गुरुजी खाली हात धूत होते. नानांनी केळीच्या पानावर खीर, वडे, भाताची मूद असे कठड्यावर मांडले आणि टोपी सारखी करून दोन पावले मागे सरले. मी टाकीच्या आडोशाला जाऊन, खोकल्याचे निमित्त करून, खिशातल्या स्टीलच्या डबीवर झाकण तीनदा वाजवले.

तो तुटक्या बोटाचा कावळा आला. नानांच्या टोपीकडे त्याने ओळखीने पाहिले, कठड्यावर दोन उड्या मारल्या आणि वडा उचलला. मागोमाग दुसरा आला. मग पाच-सहा जण.

मी आडोशातून बाहेर आलो आणि सगळे एका दमात सांगून टाकले : गाठिया, टोपी, थाप, फेंगडे चालणे. “नाना, ते कसलंही वैर धरून नाहीत. दहाव्याला मी जे बोललो ते नीच होतं. मला क्षमा करा.”

नाना टाकीच्या पायरीवर बसले. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली.

“क्षमा कसली मागता, आठल्ये,” ते म्हणाले. “तुमच्या त्या वाक्यावर मी दीड वर्ष काढलं.”

मला कळेना.

“कावळे माझ्यावर रागावलेत, म्हणून येत नाहीत. हे एकदा मानलं की पुढचं काही मानावं लागत नव्हतं. म्हणून तर दर आठवड्याला पडताळा घ्यायचो. शून्य आलं की बरं वाटायचं. राग माझ्यावर आहे, तिची काही इच्छा राहिलेली नाही.” त्यांनी कठड्याकडे पाहिले. “आता आले. म्हणजे तेव्हा कावळे अडले नव्हते. तीच अडली होती.”

“नाना, हे गाठियाला सोकावलेले कावळे आहेत. यावरून काहीच सिद्ध होत नाही.”

“खरं वैर असेल तर ते गाठियाने फिटतं का हो?”

एका चुकीची भरपाई करता करता, मी त्या माणसाचा होता तो एकुलता एक आडोसाही काढून घेतला होता. आणि तेही पाच महिने, रोज सकाळी, मोठ्या भक्तिभावाने.

मग ते सांगू लागले. त्यांच्या आवाजात नेहमीचा व्याख्यानाचा सूर नव्हता.

“इस्पितळात शेवटच्या रात्री तिला झोप येईना. म्हणून मी गोष्ट लावली. समुद्रावरून पहिल्यांदा विमानाने इंग्लंडला गेला ना, त्याची. पायाला भाजलेलं, कुबड्या घेऊन विमानात चढला. जवळ होकायंत्र नाही. मधोमध धुकं, दहा मिनिटं पाणीही दिसेना, जमीनही दिसेना. एवढ्यात ती म्हणाली, अवो, माका एक सांगूचा आसा. मी म्हटलं, वाईच थांब, ह्यो किनाऱ्याक लागांदे.” नानांनी गुडघ्यावरची टोपी फिरवली. “लागला तो किनाऱ्याला. मी वर पाहिलं तर तिचा डोळा लागलेला. म्हटलं, सकाळी विचारू. सकाळी ती बोलण्याच्या स्थितीत नव्हती.”

कावळ्यांनी पान कठड्यावरून ओढून खाली पाडले होते आणि भातावरून त्यांची भांडणे चालली होती.

“त्या तळ्यावर गुरुजी विचारत होते, तिची काय इच्छा राहिली. काय राहिलं ते मला ठाऊक होतं. तिला काहीतरी सांगायचं होतं. पण काय, ते कुठे ठाऊक आहे मला?” मग अचानक माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, “तुम्हाला ती जिन्यात भेटायची. काय बोलायची हो?”

मी आठवू लागलो. अठरा वर्षे आम्ही एकाच जिन्याने चढलो-उतरलो. मला तीन वाक्ये आठवली. “जिना ओला आहे, जपून.” “सुलभाताईंना सांगा, कढीपत्ता आणून ठेवलाय.” आणि एकदा, का कोण जाणे, “तुमच्याकडे सकाळी रेडिओ लागतो, तो बरा वाटतो.” मी ती तीनही त्यांना सांगितली. नानांनी प्रत्येक वाक्य हळूच पुन्हा उच्चारून पाहिले.

“आणखी?”

“नाही, नाना. माझंही लक्ष नसायचं.”

पाने वाढली आहेत, गुरुजी खोळंबलेत, हे सांगायला सुलभा वर आली. आम्हा दोघांना तसे बसलेले पाहून ती दारातच थबकली. नाना उठून उभे राहिले. टोपी दोन्ही हातांत धरून ते म्हणाले, “वहिनी, तुम्हाला ठाऊक असेल. ही तुमच्याशी काय बोलायची?”

सुलभाने माझ्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. पदराने हात पुसत ती टाकीच्या पायरीवर टेकली.

“पुष्कळ बोलायच्या. पोहण्याबद्दल सगळ्यांत जास्त.”

“पोहण्याबद्दल?” नाना म्हणाले. “कोण? ही?”

“म्हणजे तुम्हाला माहीत नाही? अहो, नानी लग्नाआधी खाडी पार करायच्या. गावातल्या पोरांच्या पुढे जायच्या म्हणे. दर मंगळवारी देवळात जाते सांगून आम्ही दोघी पालिकेच्या तरणतलावावर जायचो. कठड्याबाहेरून पोरं पोहताना बघत बसायच्या. हात कुठला चुकला, श्वास कुठे चुकला, सगळं सांगायच्या मला. एकदा वॉचमन जेवायला गेला होता, तर म्हणाल्या, सुलभाताई, चला. आणि साड्या वर खोचून दोघींनी पाय सोडले पाण्यात.”

हे मलाही नवीन होते. मी काही बोलायला तोंड उघडले, तसा नानांनी माझ्याकडे न पाहताच हात वर करून मला थांबवले. ते खाली, फरशीवरच, सुलभाच्या समोर मांडी घालून बसले. गुरुजींची हाक दोनदा आली. कुणी ओ दिली नाही.

“मग?” नाना म्हणाले. “पुढे?”